जागा वाढली, पण कळवायचं कुणी?

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी संगणक, बनवताना पडद्यावर विचारतात, डिस्क किती मोठी हवी? मी २० गिगाबाइट लिहिले. ‘सध्या पुरे, पुढचं पुढे बघू,’ असं मनाशी म्हटल्याचंही आठवतं. हे ‘पुढचं’ एका शनिवारी रात्री साडेनऊला आलं. एक साधं अपडेट चालू होतं. मशीनमधल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमनं ते मध्येच थांबवलं आणि कळवलं, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

मी आधी आवराआवरी केली. डाउनलोड झालेली जुनी पॅकेजं उडवली, लॉग छाटले, ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि ‘हेच फायनल’ या तीन फोल्डरांपैकी दोन जड मनानं पुसले. मग ‘डीएफ’ ही डिस्कवरची जागा दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली, तर हिशेबच लागेना. एकूण जागेतून वापरलेली वजा केली की जवळपास एक गिगाबाइट उरत होता, आणि शेजारच्या रकान्यात उपलब्ध जागा शून्य! बऱ्याच वेळानं उलगडा झाला. ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम (फाइली कुठे आहेत याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था) बनताना ५ टक्के जागा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे डिस्क गच्च भरली तरी निदान कारभाऱ्याला आत येऊन आवरता यावं. सोय उत्तम आहे, पण आपल्याच यंत्रात आपल्यासाठी ‘जागा नाही’ आणि दुसऱ्यासाठी राखीव, हे पचायला जड जातं. दुसरा म्हणजे मीच, फक्त ‘सुडो’ (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावलेला, हे कळल्यावरही.

मित्राला फोन केला. हा मित्र कुठल्याही कामाला दोन मिनिटं लागतील असं सांगतो, आणि ती दोन मिनिटं सुरू व्हायच्या आत त्याला कुठेतरी जायचं असतं.

“अरे, डिस्क मोठी कर. दोन मिनिटांचं काम आहे.”

“कशी?”

“एक कमांड. बॅकअप घेतलायस ना?”

“हो, हो,” मी म्हणालो. हा ‘हो’ कसला असतो ते सगळ्यांना माहीत आहे. फोन ठेवल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. मशीन बंद करून मी तिच्या डिस्कची अख्खी फाइल त्याच लॅपटॉपवर शेजारच्या फोल्डरात कॉपी केली. चांगली २० गिगाबाइट. ही फाइल लेखाच्या शेवटी परत येणार आहे, तेवढं लक्षात असू द्या.

आता ती एक कमांड. डिस्क ८० गिगाबाइटची करायची होती, म्हणून ८० लिहिलं. उत्तर आलं, डिस्क लहान करण्याची सोय नाही. मी लहान कुठे करतोय? दोनदा चष्मा पुसला. आज्ञा आकडा मेगाबाइटमध्ये मोजते. मी माझ्या २० गिगाबाइटच्या डिस्कला ८० मेगाबाइटमध्ये बसायला सांगत होतो, आणि ही आज्ञा पाळायची सोय कोणी केलेली नव्हती म्हणून आज मी हे लिहू शकतोय. ८० गुणिले १०२४, म्हणजे ८१९२०. आकडा टाकला, शंभर टक्के झालं, मशीन सुरू केली. आत डिस्क? २० गिगाबाइट.

दोष स्नॅपशॉटचा, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदीचा, निघाला. मी वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचे सगळे बदल वेगळ्या थरात साठतात. मशीन चालते ती या थरावर. मी मूळ डिस्क वाढवली होती, थर मात्र जुन्याच मापाचा होता. ‘काही करण्याआधी’ या नावाचे दोन स्नॅपशॉट मी मागे कधीतरी घेतले होते. काय करण्याआधी, देव जाणे. ते काढले, म्हणजे थर मूळ डिस्कमध्ये विलीन केले. यात पाऊण तास गेला. आज्ञा पुन्हा दिली, मशीन सुरू केली, डिस्क आणि तिचे भाग दाखवणारं ‘एलएसबीएलके’ चालवलं.

डिस्क ८० गिगाबाइट! मी खुर्चीत मागे रेललो. तेवढ्यात खालच्या ओळी दिसल्या. पहिलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पहिला वाटा, १८ गिगाबाइट. दुसरं १ किलोबाइट. पाचवं २ गिगाबाइट. बेरीज २०. उरलेले ६० गिगाबाइट कुणाच्याच खात्यावर नव्हते.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. या घरात कोणी कोणाशी बोलत नाही. डिस्क वाढली हे डिस्कला कळलं होतं, पण तिच्यावरच्या पार्टिशन टेबलला, म्हणजे वाटणीच्या यादीला, कोणी काही सांगितलं नव्हतं. टेबलानं पुढे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळवायचं, आणि पार्टिशनच्या आत राहणारी फाइलसिस्टिम तर बाहेर काय चाललंय याची चौकशीच करत नाही. कुणी कुणाला आपणहून सांगणार नाही. प्रत्येकाच्या दारात जाऊन ही बातमी मलाच द्यायची होती.

आधी तीन आणि चार क्रमांकांची पार्टिशनं गेली कुठे? मी त्यांना खरोखर शोधलं. उत्तर जुन्या हिशेबात आहे. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे सगळ्यात छोटा तुकडा, ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट बूटच्या (मशीन सुरू करण्याच्या) कोडला, शेवटचे दोन सहीला, आणि मधल्या ६४ बाइटमध्ये वाटणीचा सगळा दस्तऐवज: प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. १९८३ साली पीसी-डॉस २.० आलं तेव्हापासूनची ही पद्धत. चारपेक्षा जास्त खोल्या हव्या असतील तर एका खोलीला ‘एक्स्टेंडेड’ म्हणायचं आणि तिच्या पोटात पोटभाडेकरू ठेवायचे. पोटभाडेकरूंचे क्रमांक पाचपासून सुरू होतात. पहिले चार मालकांसाठी राखीव, मग ते राहायला येवोत न येवोत. दुसऱ्या पार्टिशनची लांबी १ किलोबाइट दिसत होती आणि त्याच्या पोटात २ गिगाबाइटचा पाचवा नांदत होता. असं का, हे विचारायचं मी रात्री अकरा वाजता सोडून दिलं. (वाटणीच्या नव्या जीपीटी पद्धतीत साधारण १२८ नोंदींची सोय असते. पण तिची एक राखीव प्रत डिस्कच्या अगदी टोकाला असते. डिस्क वाढली की ती प्रत जुन्या टोकाला, म्हणजे भर मध्यावर, अडकून बसते. म्हणजे तिलाही जाऊन सांगा.)

हा पाचवा म्हणजे स्वॅप. रॅम अपुरी पडली की तिथलं सामान इथे येतं. माझ्या मशीनमध्ये त्याचा वापर होता शून्य बाइट. तरी तो बरोब्बर माझ्या पहिल्या पार्टिशनच्या आणि त्या ६० गिगाबाइटच्या मध्ये पाय पसरून बसला होता. पार्टिशन उजवीकडे वाढायचं तर लगतची जागा रिकामी हवी, आणि लगत हे महाशय. पार्टिशनं चित्रात दाखवणारं जीपार्टेड उघडलं तर त्यांच्या नावापुढे किल्लीचं चित्र. वापरात आहे, हात लावू नका! शून्य बाइटचा वापर. ‘स्वॅपऑफ’ म्हटलं तेव्हा किल्ली गेली.

चित्रावर माउसनं ओढून हे काम करता येतं, शहाणी माणसं तसंच करतात. माझा मात्र एव्हाना अहंकार जागा झाला होता. मी एफडिस्क उघडलं, जिथे सगळं आज्ञा टाइप करून करायचं.

एफडिस्कमध्ये पार्टिशन मोठं करायची आज्ञा मला सापडली नाही. रीत अशी सांगितली जाते की पार्टिशन पुसायचं आणि मोठं करून पुन्हा लिहायचं. आतला मजकूर जातो कुठे? कुठेच नाही. टेबलात फक्त सुरुवात आणि लांबी असते. ती ओळ खोडली तरी सामान जागेवरच राहतं. फक्त नवी ओळ बरोब्बर त्याच सेक्टरपासून सुरू व्हायला हवी. माझी सुरुवात होती २०४८. मी ती कागदावर लिहिली. मोठ्या अक्षरात परत लिहिली. मग कागद पडद्याला चिकटवला, त्यामुळे आज्ञा टाइप करायची जागाच झाकली गेली, म्हणून काढून बाजूला ठेवला.

हे सगळं सिद्धांत म्हणून मला पटतं. पण चालू मशीनमध्ये बसून, ती मशीन ज्या पार्टिशनवर चाललीय त्याच्यापुढे ‘डी’ (म्हणजे डिलीट) दाबायचं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्यासारखंच. डी, पाच. डी, दोन. डी, एक. पडद्यावर शांतता. एफडिस्क ‘डब्ल्यू’ (म्हणजे राइट) दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहीत नाही, हे मी मोठ्यानं स्वतःला सांगितलं. नवं पहिलं पार्टिशन, सुरुवात २०४८, लांबी ७८ गिगाबाइट. उरलेल्यात नवा स्वॅप, दुसऱ्या क्रमांकावर, पोटभाडेकरू नाही, चांगला मालक म्हणून.

आणि मग तो प्रश्न आला. या पार्टिशनवर ईएक्सटी४ ची खूण आहे, काढून टाकू का? दिवसभर यंत्रांच्या प्रश्नांना न वाचता ‘यस’ म्हणायची बोटांना सवय लागलेली. बोट ‘वाय’वर टेकलंसुद्धा होतं. एन. एन. एन. एक पुरला असता.

डब्ल्यू दाबलं. टेबल लिहिलं गेलं, पण सोबत टीप आली: पहिलं पार्टिशन वापरात आहे, कर्नल अजून जुनंच टेबल धरून चाललाय, नवं पुढच्या बूटला. म्हणजे दस्तऐवज बदलला आणि खुद्द कारभाऱ्याला पत्ता नाही. रीबूट केलं.

काळा पडदा. बराच वेळ काळा पडदा. मग एक ओळ उमटली. सस्पेंडमधून जागं होण्यासाठी लागणाऱ्या डिव्हाइसची वाट पाहणं मशीननं सोडून दिलं होतं. मीही जवळपास सोडलं होतं. त्यानंतर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावू लागल्या आणि शेजारी घड्याळ: इतके सेकंद झाले, मर्यादा १ मिनिट ३० सेकंद. ती नव्वद सेकंदं मी गेल्या पाच वर्षांत न घेतलेल्या सगळ्या बॅकअपांचं स्मरण करण्यात घालवली.

मशीन सुरू झाली! तिला काही झालेलं नव्हतं. ती जुन्या स्वॅपची वाट पाहत होती. प्रत्येक स्वॅपला एक यूयूआयडी, म्हणजे स्वतःचा ओळख क्रमांक, असतो, आणि सुरू होताना काय काय जोडायचं ते सांगणाऱ्या ‘एफस्टॅब’ नावाच्या फाइलीत जुन्याचाच लिहिलेला होता. त्याला मी तासाभरापूर्वी स्वतःच्या हातानं पुसलं, पण एफस्टॅबला कळवायला विसरलो. नव्याला ‘एमकेस्वॅप’ या आज्ञेनं स्वॅप बनवून यूयूआयडी मिळवला. आठ-चार-चार-चार-बारा अशा गटांत बत्तीस अंकाक्षरं. कॉपी-पेस्ट त्या खिडकीत चालत नव्हतं, तेव्हा बघून बघून टाइप केला आणि आठाच्या जागी बी लिहून आणखी एकदा नव्वद सेकंदं भोगली. बूटच्या आधीच्या टप्प्यात जुन्याची आणखी एक नोंद होती, तीही बदलून इनिटरॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टिम) नव्यानं बनवावं लागलं.

आता डीएफ. मोठ्या समारंभानं एंटर मारलं. १८ गिगाबाइट.

फाइलसिस्टिम! पार्टिशन ७८ चं झालं होतं आणि ही आत १८ मध्येच काटकसरीनं संसार करत होती. ‘रिसाइझ२एफएस’ ही आज्ञा दिली. चालू मशीनवर, काही न थांबवता, काही न विचारता, फाइलसिस्टिम दोन कोटींहून जास्त ब्लॉकची झाली. वेळ? दोन-तीन सेकंद. मित्राची दोन मिनिटं बहुधा हीच असावीत, बाकीचं तो मोजत नसावा.

रात्रीचा दीड वाजला होता. आत ५८ गिगाबाइट मोकळे दिसत होते. मी तो आकडा तीन वेळा वाचला, अपडेट पूर्ण केलं, ‘हेच फायनल’ची एक प्रतसुद्धा काढली, केवळ चैन म्हणून. आणि तेव्हा कोपऱ्यात लॅपटॉपची स्वतःची सूचना उगवली: डिस्क भरत आली आहे.

मशीनची डिस्क गरजेप्रमाणे वाढणारी आहे. ८० गिगाबाइट म्हणजे प्रत्यक्ष जागा नव्हे, ८० पर्यंत वाढू देण्याचं आश्वासन. ते देताना ज्याच्या जिवावर दिलं त्या खऱ्या डिस्कला मी विचारलंच नव्हतं. तिच्यावर उरले होते ९ गिगाबाइट, आणि त्याचं निम्मं कारण शेजारच्या फोल्डरात २० गिगाबाइटचा बॅकअप होऊन पडलं होतं. तो पुसायचा धीर होईना. आत्ता तर मुळीच नाही.

लॅपटॉपची जागा संपली की हे सॉफ्टवेअर मशीनला जागच्या जागी थांबवून ठेवतं. आतल्या लिनक्सला त्याची कल्पना नाही. डीएफ चालवलं की तो अजूनही ५८ गिगाबाइट मोकळे दाखवतो. दारोदार बातमी देण्यात माझी रात्र गेली होती. ही एवढी एक मी सकाळवर टाकली आणि दिवा मालवला.