फोटो बदलायचा नाहीये, काढून टाकायचाय!

विंडोजवाला लॅपटॉप सुरू केला की पासवर्डच्या वर जो गोल दिसतो ना, त्या गोलात मला माझं थोबाड नकोय. बस्स, एवढंच मागणं. दुसरा फोटो नको, डोंगरदऱ्या नकोत, गुलाबाचं फूल तर अजिबात नको. पण एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खी दुपार गेली आणि डोक्याचा पार भुगा झाला.

फोटो कुठला, तर मावसबहिणीच्या हळदीतला. कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळीधमक मी, एक डोळा मिटलेला, तोंडात अर्धी जिलेबी. भाच्याने गंमत म्हणून लावून ठेवला. त्याला काय कष्ट पडले? सेटिंग्ज, अकाउंट्स, युअर इन्फो, फाइल निवडली, झालं! कार्टं आठवीत आहे. आणि मी अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते, लॅपटॉप रोज प्रोजेक्टरला जोडते. पंख्याच्या वाऱ्याने हलणारा पडदा, त्यावर परातीएवढं माझं पिवळं डोकं, आणि मागच्या बाकावरून आवाज, ‘मॅडम, अक्षता कधी?’ आता ह्यांना घसारा शिकवू की कप्पाळ?

म्हणून त्याच पानावर गेले. तिथे पर्याय दोन. कॅमेरा उघडून नवा फोटो काढा, नाहीतर फाइल शोधून लावा. काढून टाकायचं बटण? नाही! राइट क्लिक केलं, डिलीट दाबलं, हलेल तर शपथ. विंडोज १० मध्ये हेच, ११ मध्येही हेच. मधल्या काळात स्टार्टचं बटण डावीकडून मध्यात आणायला वेळ मिळाला, पण एक ‘रिमूव्ह’ लिहायला कुणाला सुचलं नाही.

मग जो जाणकार भेटला त्याने तोच उपाय सांगितला, आणि तो ऐकून तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो काढून टाकता येत नाही, म्हणून ‘फोटो नसल्याचा फोटो’ लावायचा! तो राखाडी बिनचेहऱ्याचा बाहुला असतो ना, ती म्हणे एक साधी पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल आहे. ती कुठे? सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रामडेटा फोल्डरात. तो फोल्डर दिसतच नाही, कारण तो लपवलेला. आधी व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक करा, मग प्रोग्रामडेटा, त्यात विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या नावाचा फोल्डर, त्यात यूजर अकाउंट पिक्चर्स. तिथे हे बाहुलेमहाशय लहानमोठ्या मापांत ओळीने बसलेले. अहो, फाइल तुमचीच, गोल तुमचाच, मग बटण द्यायला काय धाड भरली होती?

बरं, लावला बाहुला. संपलं? छे! विंडोज १० मध्ये मोठ्या गोलाशेजारी जुन्या फोटोंचे छोटे गोल राहतात. म्हणजे हळदीतली मी आहेच तिथे, जिलेबीसकट. ती घालवायला आणखी एक लपवलेला फोल्डर: ॲपडेटा, रोमिंग, पुन्हा कंपनीचं नाव, विंडोज, अकाउंट पिक्चर्स. त्यातल्या फाइली हाताने उडवायच्या. भाडेकरू घालवायलासुद्धा इतके हेलपाटे पडत नाहीत.

आणि लॉगिन जर मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याने होत असेल तर बघायलाच नको. फोटो लॅपटॉपवरून त्या खात्यात गेलेला असतो, तिथून मेलमध्येही दिसतो. मी पालकांना फीच्या आठवणीचे मेल पाठवते हो त्याच खात्यावरून! ‘कृपया दुसरा हप्ता भरावा’ आणि शेजारी हे ध्यान. तिकडे जाऊन वेगळं निस्तरायचं, आणि ते सगळीकडे पोचेपर्यंत वाट बघत बसायचं.

जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात बरं होतं. पिवळं बदक, बुद्धिबळाची सोंगटी, फुटबॉल, असली चित्रं यायची. त्या बदकावरून कुणी मला अक्षता विचारल्या नाहीत.

सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? ही सोय विंडोजमध्ये आहे! ग्रुप पॉलिसी नावाच्या, अख्ख्या कॉम्प्युटरचे नियम ठरवायच्या ठिकाणी एक सेटिंग चालू केलं की त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या खात्यांना तोच राखाडी बाहुला येतो, भाच्याने कितीही फोटो लावले तरी. फक्त तो पॉलिसीचा एडिटर विंडोजच्या प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत मिळतो, घरगुती ‘होम’ आवृत्तीत नाही. आणि माझा लॅपटॉप होमवाला. अरे, पण भाचे घरातच असतात ना! ऑफिसात कोण येतंय जिलेबीचे फोटो लावायला?