जुनं व्हर्जन आधी काढून टाका, जागा फार खातं

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या व्हर्जन अपग्रेडचा मुहूर्त शुक्रवारी संध्याकाळचाच धरावा. काही बिनसलं तर सोमवारपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात हाच प्रघात आहे.

बॅकअप म्हणून पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर उचलायचं आणि डिस्कवर टाकायचं, तेही सर्व्हर चालू असताना. मॅन्युअल म्हणतं, अशी कॉपी सर्व्हर बंद करूनच घ्या. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी आमच्या काउंटरवरची रांग पाहिलेली नाही. सगळा डेटा वेगळ्या फाइलीत उतरवून देणाऱ्या पीजी-डंपच्या नादी लागू नका. त्यातून काढलेला डेटा नव्या व्हर्जनमध्ये बहुतेक वेळा निमूट चढतो, मग रविवारी करणार काय?

आता जुनं व्हर्जन अनइन्स्टॉल करा. जुना डेटा नव्या व्हर्जनवर नेणाऱ्या पीजी-अपग्रेडला जुन्या आणि नव्या दोन्ही व्हर्जनचे प्रोग्राम लागतात, हे रात्री अकराला कळावं, त्याआधी नाही. नवा सर्व्हर सांगेल, हे फोल्डर व्हर्जन १३ने बनवलंय, मी १५ आहे, आपलं जमायचं नाही. खचू नका. फोल्डरात पीजी-व्हर्जन नावाची चिमुकली फाइल असते, आत फक्त १३ हा आकडा. मी नोटपॅड उघडून १३चे १५ केले. सेव्ह करताना हात जरासुद्धा थरथरला नाही. सर्व्हरने मग कॅटलॉग व्हर्जनचा, म्हणजे डेटाबेसच्या आतल्या रचनेच्या आवृत्तीचा, नऊ अंकी आकडा विचारला. तो दुसऱ्या फाइलीत असतो आणि नोटपॅडात ती उघडली की चौकोन-चौकोन दिसतात. बारशाचं आमंत्रण बदलून बाळाचं वय वाढत नाही, एवढं त्या रात्री समजलं.

जुनं जपायची खोडच असेल तर पीजी-अपग्रेडचा लिंक पर्याय घ्या. फाइली कॉपी होत नाहीत, जुन्या-नव्यात सामायिक राहतात, त्यामुळे काम झटपट उरकतं. फक्त नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्याकडे सुखरूप परतता येत नाही. लग्नासारखंच.

असं आपल्याच नशिबी येतं म्हणून कुढू नका. ३१ जानेवारी २०१७ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत चुकून चालू डेटाबेसचं फोल्डर उडालं. बॅकअप शोधायला गेले तर कोठार रिकामं. डेटाबेस ९.६ व्हर्जनचा, पीजी-डंप ९.२चा, रोज नापास होत होता आणि नापासाच्या ईमेलही पोचत नव्हत्या. कुणीतरी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीवर, निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं, ही मात्र चूक. आपण 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणून मोकळं व्हावं.

राहिली डिस्क. ती सर्व्हरच्या शेजारीच, तळमजल्यावरच्या कपाटात असू द्या. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात घुसली तेव्हा मगरीही वस्तीत आल्या होत्या, पण मगर हार्डडिस्क खाते असं ऐकिवात नाही. आमच्या डिस्कवर चिठ्ठी आहे, 'फायनल बॅकअप, हात लावू नये'. खंडेनवमीला तिच्यावर झेंडूचं फूलही वाहतो. रिस्टोअर करून मात्र कधी बघितलेलं नाही, उगाच अपशकुन कशाला?

परवा साहेबांनी गुजरातीत विचारलं, "बॅकअप छे ने?"

"छे, साहेब."

"तो पछी थई जशे," म्हणाले आणि सेवउसळ खायला गेले.