‘लिमिटेड एडिशन’ गाडी म्हणजे उद्याची क्लासिक? एका संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या गाडीशौकिनांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आज मोजक्याच संख्येने निघालेली वेगवान गाडी ही उद्याची क्लासिक (जुनी झाल्यावर मोल वाढणारी गाडी) आहे, कंपनी अशा दोनशेच गाड्या काढते, त्यामुळे भाव पडूच शकत नाही, पेट्रोल इंजिने लवकरच बंद होणार असल्याने ही त्या जातीची शेवटची पिढी आहे, जुन्या आरडी 350 मोटारसायकलला आज काय भाव आला आहे तो पाहा, तेव्हा गाडी घ्या, फारशी न चालवता झाकून ठेवा, वीस वर्षांनी ती व्हिंटेज होईल आणि तिप्पट पैसे देईल. यातले एकेक वाक्य ऐकायला पटणारे आहे आणि म्हणूनच प्रत्येक वाक्य तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण हा सल्ला मानणाऱ्याचे चाळीसेक लाख रुपये पणाला लागणार आहेत.

पहिला दावा संख्येचा आहे. कंपनीने मोजक्या गाड्या काढल्या म्हणजे मागणी आपोआप निर्माण होते, असे यात गृहीत धरलेले आहे. आपल्याच देशातली उदाहरणे पाहू. मारुतीने 2003 मध्ये झेनच्या ‘कार्बन’ आणि ‘स्टील’ अशा दोन तीन-दारी आवृत्त्या काढल्या, त्या प्रत्येकी 300. इंजिन मात्र नेहमीच्याच झेनचे होते. आज ही नावे ऐकून चमकणारे लोक आपल्या ओळखीत किती आहेत, हे प्रत्येकाने स्वतःशीच तपासावे. फोक्सवॅगनचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांनी 2016 च्या अखेरीस पोलो जीटीआय ही खरोखरच दमदार गाडी भारतात आणली. पहिल्या खेपेला फक्त 99 गाड्या येणार होत्या आणि किंमत सुमारे 26 लाख रुपये होती. सुमारे वर्षभरातच ती 19.99 लाखांवर आणावी लागली. संख्या 99 असूनही ग्राहक मिळेनात, म्हणजे दुर्मीळपणा आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, फेरारी एफ 40 बद्दल सुरुवातीला 400 गाड्यांची भाषा होती. प्रत्यक्षात 1987 ते 1992 या काळात 1,300 हून अधिक निघाल्या, आणि तरीही ती तिच्या पिढीतली सर्वांत मानाची गाडी ठरली.

यावर असे म्हणता येईल की निदान संख्या ठरलेली असल्याने पुढे पुरवठा वाढत नाही. हे खरे आहे. पण जुन्या गाडीच्या किमतीत कारखान्यातून निघालेल्या संख्येपेक्षा शिल्लक राहिलेल्या चांगल्या गाड्यांची संख्या महत्त्वाची असते. एखादी साधी गाडी हजारोंनी विकली जाते, लोक ती राबवतात, ठोकतात, भंगारात घालतात, आणि तीस वर्षांनी चांगल्या स्थितीतल्या मोजक्याच उरतात. खरा दुर्मीळपणा असा, झिजेतून येतो. जी गाडी प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून जपून ठेवतो, तिच्या बाबतीत ही झीज होतच नाही. अमेरिकेत 1978 साली नेमके हेच घडले. इंडियानापोलिस शर्यतीत स्पर्धकांच्या पुढे धावणाऱ्या ‘पेस कार’ची प्रतिकृती म्हणून शेव्हरलेने काळ्या-रुपेरी रंगाची खास कॉर्व्हेट काढली. सुरुवातीच्या काहीशे गाड्यांच्या बेतापासून आकडा अखेर 6,502 वर गेला, तरीही भावी क्लासिक म्हणून तिच्यावर उड्या पडल्या आणि साडेतेरा हजार डॉलरच्या गाडीसाठी लोक कितीतरी जास्त मोजू लागले. अनेकांनी ती गॅरेजमध्ये लावली आणि तिच्यावर कापड टाकले. परिणाम असा झाला की इतक्या वर्षांनंतरही जवळपास न चालवलेल्या पेस कार बाजारात येतच राहतात, आणि महागाई जमेस धरली तर त्या सट्ट्यात उतरलेल्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. सगळ्यांनीच एक गोष्ट जपली की ती कोणाचीच दुर्मीळ राहत नाही.

आता आरडी 350 चा दाखला. हा दाखला देणाऱ्याने स्वतःच्याच बाजूला छेद दिला आहे, असे मला वाटते. एस्कॉर्ट्सने 1983 पासून बनवलेली ही मोटारसायकल कोणत्याही अर्थाने ‘लिमिटेड एडिशन’ नव्हती. कंपनीला ती भरपूर विकायची होती, पण पेट्रोल पिण्याच्या तिच्या ख्यातीमुळे आणि किमतीमुळे ती पुरेशी खपली नाही, आणि दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. ज्यांनी घेतल्या त्यांनी जोरात पळवल्या, अनेकांनी पुढे मिळेल त्या भावाला विकून टाकल्या. तिला आज मान आहे तो या इतिहासामुळे, आणि कॉलेजच्या वयात ती रस्त्यावरून गर्जत जाताना ज्यांनी पाहिली, पण घेऊ शकले नाहीत, ते आज पन्नाशी-साठीत पैसे बाळगून आहेत म्हणून.

याहून मोठे कारण मात्र आपल्या शहराला चांगले ठाऊक असायला हवे. आरडी आजही चालू करता येते. शिवाजी उद्यमनगरात अशा गाडीचे इंजिन उघडून बसलेला मेस्त्री पाहिला की हे लक्षात येते. सिलिंडर घासलेला असेल तर तो बोअर करून (आतून थोडा रुंद करून), होनिंगच्या आडव्या-तिरक्या रेघा काढून, ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो. क्रँकचा कनेक्टिंग रॉड वाजत असेल तर क्रँक प्रेसवर उघडून नवा रॉड घालायचा, पुन्हा दाबून बसवायचा आणि लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावायचा; काटा हलतो तिकडे तांब्याच्या हातोडीने हलकासा ठोका, पुन्हा फिरवून पाहणे, पुन्हा ठोका. हे काम डोळ्याला दिसते, हाताला कळते आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. एखादा ओतीव भाग मिळतच नसेल तर पॅटर्न (नमुना) करून तो ओतणारे लोक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. ज्या गावाने तेलाची इंजिने स्वतः घडवली, त्या गावाला हे नवीन नाही.

आता त्याच ओट्यावर आजची 245 अश्वशक्तीची, दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची गाडी आणून ठेवा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांचा प्रश्न इथेही सुटेल. पण गिअर बदलणारे मेकॅट्रॉनिक युनिट गेले तर नवे मिळवावे लागते, आणि मिळाल्यावरही ते त्या गाडीच्या संगणकाशी कंपनीच्या सॉफ्टवेअरने जुळवून घ्यावे लागते. इंजिनाचे नियंत्रण करणारा ईसीयू, पार्किंगपासून ब्रेकपर्यंत पसरलेले सेन्सर, डॅशबोर्डावरचा पडदा, हे सगळे एकमेकांशी बोलणारे भाग आहेत आणि त्यांतला एक मुका झाला तरी बाकीचे रुसतात. जनरल मोटर्सने 2017 च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले, फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. खपाच्या गाड्यांचे उत्पादकही असे जाऊ शकतात, तर बाहेरून तयार आणलेल्या दोनशे गाड्यांसाठी 2045 साली सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कोण सांभाळून ठेवणार? लेथवर ईसीयू उतरवता येत नाही. भावी क्लासिकबद्दल बोलताना हा मुद्दा क्वचितच कोणी काढतो, आणि माझ्या मते निर्णायक मुद्दा हाच आहे.

‘शेवटची पेट्रोल गाडी’ हा युक्तिवादही नवा नाही. जनरल मोटर्सने 1976 ची कॅडिलॅक एल्डोराडो शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल (टप उघडणारी गाडी) म्हणून गाजवली; त्या वर्षी 14,000 गाड्या निघाल्या, त्यांतल्या अखेरच्या 200 मुद्दाम एकसारख्या पांढऱ्या रंगात. पुष्कळांनी गुंतवणूक म्हणून त्या घेतल्या. पुढे त्याच कंपनीने 1984 च्या मॉडेल वर्षासाठी एल्डोराडो कन्व्हर्टिबल पुन्हा बाजारात आणली, आणि फसवणूक झाल्याची भावना असलेले जुने मालक कोर्टात गेले. कंपनीच्या तोंडचा ‘शेवटचा’ हा शब्द किती वर्षे टिकतो, याचा हा नमुना. आपल्याकडे महिंद्राने 2019 मध्ये जुन्या थारची सांगता म्हणून आनंद महिंद्रांच्या सहीची पट्टी लावलेल्या 700 गाड्या काढल्या. पुढच्याच वर्षी अधिक सोयीची नवी थार आली आणि बाजाराचे सगळे लक्ष तिने खेचून घेतले. शिवाय पेट्रोल गाड्या खरोखरच थांबल्या तरी प्रश्न उरतोच. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (त्यातले काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून निघते, हा भाग वेगळा), आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांना ते मानवत नाही. तेव्हा वीस वर्षांनी इंधन कोणते असेल याची खात्री नसताना ‘पेट्रोल गाडी दुर्मीळ होणार, म्हणून मौल्यवान’ असे गणित मांडणे धाडसाचे आहे.

‘न चालवता झाकून ठेवा’ या सल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कोणताही मेस्त्री सांगेल की उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. टायर एका जागी बसतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते, ब्रेकच्या चकत्यांना गंज धरतो, एसीचे सील कोरडे पडतात आणि वायरिंग उंदरांना आवडते. त्यात आपला पावसाळा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आले, तेव्हा तळघरातल्या पार्किंगमधल्या गाड्यांचे काय झाले हे शाहूपुरीत आणि नागाळा पार्कात विचारावे. या शहरातली सर्वांना ठाऊक असलेली जुनी गाडी म्हणजे छत्रपती घराण्याची मेबॅक. ती दर दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते, आणि तिच्याबद्दल शहराला जी आत्मीयता आहे ती तिला पाहत पिढ्या मोठ्या झाल्या म्हणून आहे. कापडाखाली राहिलेल्या गाडीबद्दल पुढच्या पिढीत कोणाला ओढ वाटावी, हे मला समजत नाही.

राहिला वीस वर्षांचा आणि तिप्पट पैशांचा दावा. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार व्हिंटेज वाहन ठरण्यासाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि वाहन मूळ स्वरूपात असावे लागते. नोंदणीसाठी 20,000 रुपये शुल्क असते आणि असे वाहन नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे 2020 साली घेतलेली गाडी 2070 मध्ये या वर्गात बसेल. वीस वर्षांनी ती फक्त जुनी गाडी असते: पंधरा वर्षांनंतर तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरील आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क 80,000 रुपये आहे. ‘मूळ स्वरूप’ ही अटही किरकोळ समजू नये. आपल्याकडे अशा वेगवान गाड्यांना पहिल्या वर्षातच ‘स्टेज वन’ रिमॅप (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवायची हौस किती आहे, हे रंकाळ्यावर संध्याकाळी उभे राहिल्यास ऐकू येते.

पैशांचे म्हणाल तर 2020 मध्ये दोनशेच आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 ची शोरूम किंमत 35.99 लाख होती; कर आणि विमा धरून ती रस्त्यावर येईपर्यंत चाळीस लाखांच्या पुढे जाते. हेच 40 लाख चक्रवाढीने 6 टक्क्यांवर ठेवले तर वीस वर्षांत सुमारे 1 कोटी 28 लाख होतात. संदेशातला तिप्पट भाव खरा ठरला असे मानले, तरी 36 लाखांची तिप्पट 1 कोटी 8 लाखच होते, आणि त्यातून वीस वर्षांचा विमा, टायर, बॅटऱ्या व देखभाल वजा करायची. बँकेच्या व्याजावर आयकर लागतो हे खरे. पण बँकेतल्या पैशांना पुराचे पाणी लागत नाही.

मोजक्या आधुनिक गाड्या क्लासिक होणारच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. मॅकलारेन एफ 1 च्या अवघ्या 106 गाड्या निघाल्या आणि 2021 मध्ये त्यांतली एक लिलावात दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली. लेक्सस एलएफएच्या 500 गाड्यांपैकी काही नव्याकोऱ्या गाड्या उत्पादन थांबल्यावर पाच वर्षांनीही अमेरिकी विक्रेत्यांकडे पडून होत्या. आज ती मूळ किमतीच्या कितीतरी पुढे आहे. या दोन्हींमध्ये असे काही होते जे इतरत्र मिळत नव्हते: एकीत मधोमध बसलेला चालक आणि संपूर्ण कार्बन फायबरचा सांगाडा, दुसरीत फक्त तिच्यासाठी घडवलेले दहा सिलिंडरचे इंजिन. ज्या आवृत्तीचे वेगळेपण रंग, पट्ट्या, शिवणीचा दोरा आणि क्रमांक कोरलेली पाटी एवढ्यातच संपते, तिची तुलना यांच्याशी करता येत नाही. जॅग्वार एक्सजे 220 सारखी अस्सल गाडीसुद्धा मंदीत सापडली, तेव्हा 50,000 पाउंड भरून नोंदणी केलेले ग्राहक सौद्यातून बाहेर पडण्यासाठी कोर्टात झगडत होते.

अलीकडच्या काळातल्या गाड्यांतली पुढे कोणती मानाची ठरेल, असे मला कोणी विचारले तर मी 200 च्या यादीकडे पाहणार नाही. 2000 च्या सुमाराची होंडा सिटी व्हीटेक, पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस किंवा चांगली राखलेली मारुती जिप्सी, या गाड्यांचे बरेचसे सुटे भाग त्यांच्या साध्या भावंडांना लागू पडतात, गिअर हाताने टाकायचे असतात, आणि त्या चालवलेल्या, निदान चालताना पाहिलेल्या लोकांची संख्या मोठी आहे. छेडछाड न झालेली व्हीटेक आज शोधायला निघालेल्या माणसाला ती सहजासहजी मिळत नाही, आणि कंपनीने तिच्यावर क्रमांकाची पाटी कधी लावली नव्हती.