जपान रेल पास घ्यावा की सुटी तिकिटं? नाशिककरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार नाशिककर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण दोन दिवस थांबले, कारण तुमचे मुद्दे घाईत उत्तर देण्यासारखे नव्हते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. जपान रेल पास म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा ठरावीक दिवसांचा पास, त्यावर जपान रेल्वेच्या, म्हणजे जेआरच्या, गाड्यांनी हवं तितकं फिरता येतं. 'जपानला जाताय? रेल पास घेऊ नका' हा माझा लेख दिशाभूल करतो, असं तुमचं मत आहे. 2019 मध्ये तुम्ही आई-वडिलांना घेऊन पाच जण गेलात, सगळ्यांचे सात दिवसांचे पास काढलेत आणि जवळपास दुप्पट वसूल झाले. वयस्कर माणसं बरोबर असताना प्रत्येक प्रवासाला तिकीट काढत बसायचं का, हा दुसरा मुद्दा. तिसरा मला सगळ्यात जास्त लागला: 'पास खिशात असला की माणूस मोकळेपणाने फिरतो. त्याची किंमत तुमच्या हिशेबात कुठेच नाही.'

पहिल्या मुद्द्यावर आपला वाद नाहीच. 2019 मध्ये तुमच्या जागी मी असते तर मीही पासच काढला असता. 2018 मध्ये काढलाही होता. तेव्हा सात दिवसांचा साधा पास साधारण 29,000 येनला मिळायचा आणि टोकियो ते क्योतो एवढं जाऊन-येऊनच 27,000 च्या आसपास व्हायचे. त्यात हिरोशिमा घातलं की विचारच करायला नको. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून तोच पास 29,650 वरून एकदम 50,000 येनवर गेला. चौदा दिवसांचा 47,250 चा 80,000 झाला आणि एकवीस दिवसांचा 60,450 चा एक लाख. सुट्या तिकिटांचे दर मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. म्हणून 2019 च्या अनुभवावरून आज कुणाला सल्ला द्यायचा तर पुन्हा गणित मांडावं लागतं. माझ्या लेखाची चूक अशी, की ते गणित मी एकाच प्रवासासाठी मांडलं आणि मथळा मात्र सगळ्यांना लागू होईल असा दिला. मथळा काल बदलला आहे.

तुमच्याच 2019 च्या मार्गाचं आजचं गणित बघा. टोकियो ते क्योतो सुमारे 14,000. क्योतोहून हिरोशिमाला जाऊन-येऊन साधारण 22,500. ओसाकाहून टोकियोला परत 14,500 च्या आसपास. बेरीज 51,000. म्हणजे सात दिवसांत हे सगळं बसवलंत तर पासाचे पैसे जेमतेम निघतात. आणि यातली एक जरी गोष्ट गळली, पावसामुळे म्हणा किंवा कुणाचं पोट बिघडलं म्हणून म्हणा, तर तोटा. पूर्वी हिरोशिमा रद्द झालं तरी फारसं काही बिघडत नव्हतं. आज बिघडतं. हा फरक माझ्या लेखात स्पष्ट यायला हवा होता.

शिवाय मधला एक रस्ता आहे, तो फार कमी लोकांना माहीत असतो. जेआर ही एकच कंपनी नाही. पश्चिमेकडच्या जेआर वेस्टचे स्वतःचे प्रादेशिक पास आहेत. त्यातला कान्साई (म्हणजे क्योतो-ओसाकाचा भाग)-हिरोशिमा पास पाच दिवसांचा, 17,000 येनचा. हिरोशिमाला जाणं-येणं, तिथल्या मियाजिमा बेटाची जेआरची बोट, नारा, हिमेजी, ओसाकाच्या कान्साई विमानतळाची हारुका गाडी, हे सगळं त्यात येतं. एक खाच मात्र लक्षात ठेवायची: क्योतो ते शिन-ओसाका एवढ्या तुकड्यात शिंकान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, तो चालत नाही, कारण तो रूळ जेआर सेंट्रलचा. क्योतोहून साध्या जलद गाडीने अर्ध्या तासात शिन-ओसाका गाठायचं आणि तिथून शिंकान्सेन पकडायची. ही खाच माहीत नसेल तर गेटवर अडकायला होतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. इथे तुमचं बरोबर आहे आणि माझं कमी पडलं. जपानी शिंकान्सेनची बहुतेक वेळा दोन तिकिटं हातात येतात, एक प्रवासाचं आणि एक जलद गाडीचं. दोन्ही एकदम गेटमध्ये सारायची, पलीकडून दोन्ही बाहेर येतात, ती उचलायची आणि उतरल्यावर पुन्हा लागतात म्हणून जपून ठेवायची. 2024 मध्ये टोकियो स्टेशनवर माझ्या नवऱ्याने एकच तिकीट सारलं. झडपा बंद. मागे ऑफिसला निघालेल्या माणसांची रांग. दुसरं तिकीट कोटाच्या आतल्या खिशात, कोट बॅगेवर, बॅग माझ्याकडे. सगळं मिळून वीस सेकंदांचा प्रकार असेल, पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या जागी पंचाहत्तरीतले सासरे असते तर काय झालं असतं, हे मी लिहायला हवं होतं. पास असेल तर एकच कागद, सातही दिवस तोच.

पण पास घेतला म्हणजे तिकीट खिडकी सुटली, असं समजू नका. गाडीतली ठरलेली जागा हवी असेल तर पासावरही आरक्षण करावंच लागतं. ते फुकट असतं, पण मशीनवर किंवा खिडकीवर जावं लागतंच. आई-वडील बरोबर असताना तुम्ही विनाआरक्षित डब्याच्या भरवशावर राहणार नाही. आणि मोठी बॅग, म्हणजे लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वरची, असेल तर टोकियो-ओसाका मार्गावर शेवटच्या ओळीमागच्या जागेचं आरक्षण लागतं. आपल्याकडून जाणाऱ्या पाच माणसांत अशी एखादी बॅग असतेच. तेव्हा एकदा खिडकीवर जायचंच आहे, तर पुढच्या दहा दिवसांची सगळ्यांची तिकिटं एका बैठकीत काढता येतात. तारीख, गाडीची वेळ, किती माणसं, एवढं कागदावर लिहून दिलं तरी काम होतं. शिंकान्सेनची तिकिटं महिनाभर आधी मिळू लागतात आणि आदल्या दिवशी काढली म्हणून विमानासारखी दामदुप्पट होत नाहीत. हंगामाप्रमाणे दोन-चारशे येनचा फरक पडतो, एवढंच.

नोझोमीचंही सांगायला हवं. टोकियो-ओसाका मार्गावरची सगळ्यात जलद गाडी तीच, आणि सगळ्यात जास्त फेऱ्याही तिच्याच. टोकियो ते क्योतो सव्वादोन तास. 2023 पर्यंत पासावर ती चालतच नव्हती, आता चालते, पण टोकियो-क्योतोला वर 4,960 येन मोजावे लागतात. ते द्यायचे नसतील तर तासाला साधारण दोन असणारी हिकारी, पावणेतीन तासांची. हिकारीत काही वाईट नाही. पण सुटं तिकीट काढलं तर नोझोमी आणि हिकारीत फक्त तीनेकशे येनचा फरक आहे, हे पास घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आणि आता तो तिसरा मुद्दा, मोकळेपणाचा. यासाठीच खरं तर एवढं लिहायला बसले.

माझे वडील एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास काढायचे. ठरावीक दिवस, कुठलाही स्टँड, कुठलीही गाडी. कोल्हापूरला जायचं म्हणून निघायचे आणि वाटेत कुणी काही सांगितलं की भलतीकडेच उतरायचे. पास म्हणजे मोकळीक, हे माझ्या मनात तिथूनच पक्कं बसलेलं. म्हणून तुमचं वाक्य मला परकं नाही, मी त्याच समजुतीत वाढले.

2018 ला आई, नवरा आणि मी गेलो. टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरल्याबरोबर पास सुरू केला, कारण नारिता एक्सप्रेसचे 3,000 येन वाचणार होते. आमचं बुकिंग करणाऱ्या एजंटनेही तसंच सांगितलं होतं. पुढचे तीन दिवस आम्ही टोकियोत. तिथे अर्ध्याहून जास्त फिरणं मेट्रोने, आणि मेट्रोला जेआरचा पास चालत नाही. म्हणजे सातातले तीन दिवस असे गेले. हे चौथ्या दिवशी क्योतोच्या गाडीत माझ्या लक्षात आलं आणि तिथून पुढे मी सहलीत नव्हतेच, वसुलीवर होते. पाचव्या दिवशी क्योतोत फिरलो. सहाव्या दिवशी हिरोशिमा आणि मियाजिमा, सकाळी सहाला निघून रात्री दहाला परत. सातव्या दिवशी पास संपणार होता म्हणून कानाझावा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही देमाचियानागीला गेलो होतो. तिथे दोन नद्या एकत्र येऊन त्यांची कामो नदी होते. पात्रात ओळीने मोठे दगड ठेवलेले आहेत, काही कासवाच्या आकाराचे. लोक त्यावरून उड्या मारत पलीकडे जातात. शाळेतली मुलं, सायकल काठावर टाकून आलेला एक तरुण, टाय सैल केलेले दोघे नोकरदार. आई काठावर बसून बघत होती. तिचं माहेर कृष्णाकाठचं. खूप वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "परवा इथेच येऊन बसूया का गं? डबा घेऊन?"

आणि मी म्हणाले, "आई, परवा कानाझावा आहे. पास आहे ना."

कानाझावाला सव्वादोन तास जायला आणि तेवढेच यायला. तिथे दिवसभर पाऊस. केनरोकुएन बाग सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण आदल्या दिवशीच्या चालण्याने आईचा गुडघा सुजला होता. बागेच्या दारातल्या चहाच्या दुकानात ती बसून राहिली आणि आम्ही दोघं छत्री घेऊन चाळीस मिनिटांत चक्कर मारून आलो. परतताना ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी पासाच्या मागे पेनाने बेरीज केली होती. 29,000 च्या पासावर 55,000 येनच्या वर प्रवास झाला होता. नवऱ्याला दाखवून मी खूशही झाले, हे लिहिताना आज वाईट वाटतं. आईला आता घरातला जिनाही धरून चढावा लागतो. त्या दगडांपाशी तिला पुन्हा नेणं होणार नाही.

तेव्हा नाशिककर, मोकळेपणाची किंमत मी धरली नाही, असं नाही. उलट पासाने माझा मोकळेपणा काढून घेतला, म्हणून तो लेख इतका ठाम झाला. 50,000 येनला सात दिवस म्हणजे दिवसाला 7,000 हून जास्त. क्योतोत एखाद्या दिवशी नुसतं फुशिमी इनारीच्या देवळात गेलात तर रेल्वेचे जाताना 150, येताना 150. पास खिशात असेल तर तो दिवस 'वाया गेला' असं मन म्हणतं. सुटं तिकीट असेल तर तसं म्हणत नाही.

2024 ला लेकीला घेऊन गेलो तेव्हा जाता-येता नोझोमी, एक दिवस हिमेजी, एक दिवस नारा, बाकी सगळं सुईका कार्डावर, म्हणजे आधी पैसे भरून गेटवर टॅप करायच्या कार्डावर. माणशी 35,000 येनच्या आसपास. दोन मोठे आणि अर्ध्या तिकिटाची एक मुलगी मिळून पासापेक्षा 20,000 रुपयांच्या वर वाचले. जाताना ई क्रमांकाची जागा मागून घेतली होती, उजव्या खिडकीची. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने फुजी दिसला आणि लेक काचेला नाक लावून तो मागे पडेपर्यंत बसली. पण वाचलेल्या पैशांहून मला क्योतोतला चौथा दिवस आठवतो. त्या दिवशी आम्ही कुठेही गेलो नाही.

आता तुमच्या पुढच्या सहलीबद्दल. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये भाऊ-वहिनींबरोबर बारा दिवस जाताय: टोकियो, कानाझावा, क्योतो, एक दिवस हिरोशिमा आणि परत टोकियोहून विमान. मी बसून बेरीज केली. टोकियो-कानाझावा सुमारे 14,000, कानाझावा-क्योतो 7,000 च्या वर (2024 पासून वाटेत त्सुरुगाला गाडी बदलावी लागते), हिरोशिमा जाऊन-येऊन 22,500, परतीचे 14,000. सगळे 57,000 च्या पुढे जातात. परतीचं विमान ओसाकाहून असतं तर मी तुम्हाला होकुरिकु आर्च पास सुचवला असता. 2024 मध्ये तो 30,000 चा होता, टोकियोहून कानाझावामार्गे क्योतो-ओसाकापर्यंत सात दिवस. वर तो 17,000 चा कान्साई-हिरोशिमा. पण टोकियोलाच परतायचं असेल तर तुम्ही जपान रेल पासच घ्या. मला ही बेरीज तीनदा तपासावी लागली, पण तुमच्या मार्गाला तो खरंच परवडतो.

फक्त विमानतळावर सुरू करू नका. पावती देऊन पास हातात घेताना कुठल्या तारखेपासून हवा ते सांगता येतं. टोकियोचे पहिले तीन दिवस सुईकावर काढा, चौथ्या दिवशी सकाळी कानाझावाला निघताना पास सुरू करा. तिथे दोन रात्री, क्योतोत चार, आणि दहाव्या दिवशी टोकियोला परत. बरोबर सात दिवस होतात. हिरोशिमा क्योतोत पोचल्यावर लगेच उरका, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. पास हरवला तर पुन्हा मिळत नाही, तेव्हा प्रत्येकाचा पास त्याच्या त्याच्या पासपोर्टमध्ये ठेवा. आणि पैसे भरण्याआधी त्या दिवसाचे दर एकदा पाहून घ्या.

क्योतोतली एक संध्याकाळ देमाचियानागीसाठी ठेवा. क्योतो स्टेशनहून जेआरने एकच स्टेशन, तोफुकुजी. तिथे केइहान या खासगी कंपनीची गाडी पकडायची. केइहानला तुमचा पास चालणार नाही, कार्ड टॅप करा. एप्रिलमध्ये सहापर्यंत छान उजेड असतो. वहिनींना दगडांवरून जाताना हात द्या, मधले एक-दोन जरा लांब आहेत.