कंपनीचं मेडिक्लेम आहे म्हणून निवांत असलेल्यांनी हे वाचाच

आज डोकं सणकलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर आज एक पोरगा हातात कागद घेऊन उभा होता. कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पाच दिवसांनी डिस्चार्ज. बिल २ लाख ४३ हजार. कंपनीचं कव्हर ३ लाखांचं. म्हणजे खिशातून एक रुपया जायला नको, असा त्याचा सरळ हिशेब. टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) फायनल पत्र आलं त्यात मंजूर रक्कम १ लाख ४१ हजार ६००. बाकीचे १ लाख १ हजार ४०० रुपये भरा आणि मग आईला घरी न्या. त्याने तिथूनच एचआरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "ते पॉलिसीत लिहिलेलंच आहे."

कुठली पॉलिसी? त्याला कुणी कधी दाखवली? कामावर लागताना एक ई-कार्ड मेलवर येतं, त्यावर नाव, नंबर आणि टोल फ्री नंबर. खोलीभाड्याची मर्यादा किती, आईवडिलांना को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा ठरलेला हिस्सा, आहे का, यातलं अक्षर त्यावर नसतं. अटींचं पत्रक एचआरच्या कॉम्प्युटरमध्ये आणि आजारी माणूस मिरजेत. चीड येते ती याची.

आता पैसे कुठे कापले गेले ते बघा, कारण हेच उद्या तुमच्या बिलातही होणार आहे. पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. पोराने स्पेशल रूम घेतली ५ हजारांची. आईला जनरल वॉर्डात झोप लागेना, सोबत बायको थांबणार होती, आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, "इन्शुरन्स आहे ना, मग स्पेशल घ्या की." त्याला वाटलं, फार तर रोजचे वरचे २ हजार आपण भरू, पाच दिवसांचे १० हजार. एवढ्यावर भागत नाही. ५ हजारांपैकी ३ हजार मंजूर म्हणजे ६० टक्के, आणि हेच ६० टक्के सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट या सगळ्यांना लागतात. त्याचे हे खर्च १ लाख २० हजार होते, मंजूर झाले ७२ हजार. खोलीचे १० हजार आणि हे ४८ हजार, एका खोलीपायी ५८ हजार गेले. औषधं, तपासण्या आणि हाडात बसवलेलं इम्प्लांट मिळून ९० हजार होते, ते पूर्ण धरले. ग्लोव्ह्ज, रजिस्ट्रेशन, नातेवाइकांचं जेवण असले ८ हजार न मिळणारे. राहिले १ लाख ७७ हजार. त्यावर आईवडिलांसाठी २० टक्के को-पे, आणखी ३५ हजार ४०० गेले.

विमा कंपनीने इथे चोरी केलेली नाही, हे मला मान्य करावं लागतं. अट होती, लावली. पण ती अट अ‍ॅडमिशनच्या वेळी त्या पोराच्या हातात असती तर त्याने आईला दोघांच्या शेअरिंग खोलीत ठेवलं असतं आणि आज एवढा पैसा वाचला असता.

या कपातीला काही ठिकाणी लगाम आहे, तो माहीत असू द्या. नियमाप्रमाणे औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही लावता येत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोली कुठलीही घेतली तरी सर्जनची आणि ऑपरेशन थिएटरची फी तीच राहते, तिथे ही कपात करता येत नाही. म्हणून अ‍ॅडमिशनच्या वेळीच विचारा की खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलतात का. बदलत नसतील तर तसं हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून घ्या. टीपीएशी भांडायला तो एक कागद पुरतो. अजून एक, बऱ्याच पॉलिसींमध्ये खोलीभाड्यातच नर्सिंग चार्जेस धरलेले असतात. खोली २,७०० आणि नर्सिंग ५०० असेल तर ३ हजारांची मर्यादा ओलांडली गेली, आणि मग वरचं सगळं गणित सुरू.

एचआरवाल्यांनो, तुमच्यावरही रागावलोय आणि तुमची अडचणही कळते. मालकाला दिसतो फक्त प्रीमियम. मागच्या वर्षी क्लेम जास्त झाले की रिन्यूअलला विमा कंपनी आकडा वाढवते, मग ब्रोकर सुचवतो की आईवडिलांना को-पे टाका, खोलीभाड्याला कॅप, म्हणजे मर्यादा, लावा, प्रीमियम आटोक्यात राहील. तुम्ही सही करता. ठीक आहे, करा. पण खोलीची कॅप टक्क्यांत घालण्याऐवजी "सिंगल प्रायव्हेट एसी रूम" अशी खोलीच्या प्रकारावर मागा. विम्याची रक्कम लहान असली की टक्क्यांची कॅप माणसाला मारते. आणि जे काही ठरेल ते एका पानावर मराठीत छापून कँटीनच्या भिंतीवर लावा. एवढं करायला मालकाची परवानगीसुद्धा लागत नाही.

ग्रुप पॉलिसी वाईट असते असं कुणी समजू नका. तिच्यातलं सोनं म्हणजे पहिल्या दिवसापासून जुने आजार कव्हर होतात. वैयक्तिक पॉलिसीत बीपी, शुगरसारख्या आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागू शकतं, आणि हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल यांना बहुतेक ठिकाणी २ वर्षं. ग्रुपमध्ये हे थांबणं सहसा काढून टाकलेलं असतं, मेडिकल तपासणीही नसते. सत्तरीच्या शुगरवाल्या बापाला इतक्या सहज कव्हर दुसरीकडे मिळणार नाही. म्हणून आईवडिलांना घालायची सोय असेल आणि त्याचे पैसे पगारातून कापले जात असतील तरी घाला. पगारातून कापलेला हा हप्ता जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याच्या वजावटीत (८०-डी म्हणतात ती) धरता येतो. कंपनीने स्वतः भरलेला धरता येत नाही.

पण ही पॉलिसी कंपनीची आहे, तुमची नाही. राजीनामा दिला, कंपनीने काढलं, कारखाना बंद पडला, साठीला रिटायर झालात, त्या दिवशी कव्हर संपलं. आणि विम्याची खरी गरज साठीनंतरच असते ना! तेव्हा नवीन पॉलिसी घ्यायला जाल तर शुगर, बीपी सगळं लिहावं लागेल, प्रीमियम चढा आणि थांबणं शून्यापासून. नोकरी सुटायच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे लेखी अर्ज करून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, आणि ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं थांबण्याच्या काळात मोजली जातात. मात्र तुम्हाला घ्यायचं का आणि किती प्रीमियमला, हे तीच कंपनी ठरवते. शेवटच्या दिवसानंतर जागे झालात तर तेही हातचं जातं.

त्यापेक्षा तब्येत धड आहे तोवर स्वतःच्या नावावर छोटी का होईना एक पॉलिसी सुरू करा. पगार पुरत नाही, पोरांच्या फिया आहेत, मान्य. मग निदान सुपर टॉप-अप घ्या. त्यात एक वजावट ठरलेली असते, समजा ३ लाख. वर्षभरातली बिलं मिळून ३ लाखांच्या वर गेली की ती पॉलिसी सुरू होते. खालचे ३ लाख कंपनीच्या मेडिक्लेममधून भागवले तरी चालतात, त्यामुळे प्रीमियम बराच कमी पडतो. नुसता टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात गोंधळ करू नका. टॉप-अपमध्ये प्रत्येक अ‍ॅडमिशनचं बिल एकट्याने वजावट ओलांडायला लागतं, सुपर टॉप-अपमध्ये वर्षाची बेरीज धरतात. घरच्या माणसांना सुपरच हवा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी उठलाय, तेव्हा "टॅक्सच किती लागतो" ही सबबही आता उरली नाही.

पगारवाढीच्या वेळी होणारा एक घोळ आपल्या एमआयडीसीत फार जणांना कळतच नाही. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असतं. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. २०,८०० पगाराला महिन्याला १५६ रुपये कापले जातात आणि त्यात बायकोपोरांसह अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही उपचार होतो, रकमेच्या मर्यादेशिवाय. आजारपणात पगार बुडाला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. पगार २१,५०० झाला की हे सगळं सुटतं. सहामाहीच्या मध्येच वाढ झाली तर ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, म्हणून लगेच जाणवत नाही. पुढे ग्रुप मेडिक्लेम मिळतं, पण त्यात आईवडील आहेतच असं नाही. ७०० रुपयांच्या वाढीपायी आईचं कव्हर गेलं आणि पेढे वाटले, असं होतं. वाढ नाकारा असं मी म्हणत नाही. वाढीचं पत्र हातात आलं त्याच दिवशी नव्या कव्हरमध्ये कोण कोण आहे ते विचारा.

नावं घालण्याचंही तसंच. लग्न झालं, बाळ झालं की बऱ्याच कंपन्यांत ३० दिवसांच्या आत एचआरला कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या रिन्यूअलपर्यंत वाट बघा. बाळ काचेच्या पेटीत आणि नाव यादीत नाही, असल्या वेळी बापाची काय अवस्था होते ते सांगवत नाही. ई-कार्डावरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आजच बघा. गावाकडे आईचं नाव एका कागदावर "सुमन" आणि दुसऱ्यावर "सुमनबाई" असतं, आणि तेवढ्यावर कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला भरणं, तासन्‌तास अडकतं.

अ‍ॅडमिशनच्या वेळी एवढं करा. ठरवून ऑपरेशन असेल तर दोन दिवस आधी आणि इमर्जन्सी असेल तर २४ तासांत टीपीएला कळवा. कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची फायनल मंजुरी ३ तासांत, असा आयआरडीएआय या विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. ३ तासांच्या वर उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. म्हणून हॉस्पिटलने फायनल बिल टीपीएला किती वाजता पाठवलं ती वेळ लिहून ठेवा. बऱ्याचदा उशीर टीपीएकडे नसतो, बिल हॉस्पिटलच्याच टेबलावर पडून असतं.

डिस्चार्ज कार्ड सहीच्या आधी वाचा. "शुगर १० वर्षांपासून" असं ज्युनिअर डॉक्टरने ऐकीव लिहून टाकलं आणि प्रत्यक्षात दोनच वर्षं झाली असतील, तर तिथेच दुरुस्त करून घ्या. वैयक्तिक पॉलिसीत या एका ओळीवर क्लेम फेटाळले जातात. इम्प्लांटचं स्टिकर, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मेडिकलची बिलं, तपासणीचे रिपोर्ट, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळं मूळ प्रतीत ठेवा. अ‍ॅडमिशनच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस, त्या आजाराचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळतो. फिजिओथेरपी, ड्रेसिंग, गोळ्या. लोक डिस्चार्ज झाला की फाइल कपाटात टाकतात आणि हे पैसे तसेच सोडतात. त्या पोराला मी आज एवढंच सांगितलं की आईच्या फिजिओची प्रत्येक पावती जपून ठेव. तो नुसता मान हलवत होता. लाख रुपये कुठून आणायचे हेच त्याच्या डोक्यात, बाकी काही कानात शिरत नव्हतं. वाईट वाटलं.

कपात चुकीची वाटली तर गप्प बसू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, पॉलिसीचं कुठलं कलम लावून किती कापलं ते लेखी मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सांगली-साताऱ्यासाठी ते ऑफिस पुण्यात नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि ग्रुप पॉलिसीची तक्रारही घेतात. विमा कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज पोचला पाहिजे. अर्जासोबत कपातीचं पत्र, हॉस्पिटलचं सविस्तर बिल, डिस्चार्ज कार्ड आणि एचआरकडून घेतलेली अटींची प्रत जोडा. ती प्रत द्यायला एचआर टाळाटाळ करत असेल तर तोंडी मागू नका, ईमेलने मागा आणि मालकाला सीसीमध्ये ठेवा.