ताई, यजमानांचा चष्मा ड्रॉवरमधून बाहेर काढा

ताई,

‘६/६ म्हणजे सगळं नव्हे’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. नाव दिलं नाहीत, ‘निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर’ एवढंच लिहिलंत, म्हणून ताई म्हणतो. तुमचं म्हणणं असं की डॉक्टरांनी ६/६ सांगितल्यावरही ‘बरोबर दिसत नाही’ म्हणणं हे मनाचे खेळ आहेत. माझ्यासारखे चष्मेवाले त्या शंकेला खतपाणी घालतात आणि महागड्या काचा गळ्यात मारतात. दाखला म्हणून तुम्ही यजमानांचा अठरा हजारांचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि वाचायचा नंबर एकाच काचेत असलेला, चष्मा दिलात. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यातून वाचता आली, तरी तो दोन महिने ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि ते परत जुने दोन चष्मे वापरतात. दुकानदार तीनदा ‘सवय होईल’ म्हणाला, चौथ्यांदा ते गेलेच नाहीत.

तुमचा राग रास्त आहे. पण तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट परत वाचा. त्या चष्म्यातून त्यांना शेवटची ओळ वाचता आली, म्हणजे कागदावर तेही ६/६ आहेत. मग त्यांची तक्रार मनाचा खेळ का? मला तसं वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटत नसावं, नाहीतर इतकं तळमळून लिहिलं नसतं.

६/६ चा तक्ता १८६२ साली हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने तयार केला. ६ मीटरवरून वाचायच्या ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं. पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळंकुट्ट, चांगल्या उजेडात, आपण खुर्चीत स्थिर बसलेलो. अशा स्थितीत किती बारीक दिसतं, एवढंच तो तक्ता सांगतो. ते फार मोलाचं आहे, त्याशिवाय माझं काम एक दिवस चालणार नाही. पण माणूस दिवसभर पांढऱ्या पाटीवरची काळी अक्षरं बघत नाही.

इतवारीतले एक रफूवाले काकाजी माझ्याकडे आले होते. नंबर तपासला, ६/६. जवळचं बारीक अक्षरही वाचलं. तरी म्हणाले, “वाचता येते जी, पण काळ्या कापडावर काळा धागा दिसूनच नाही राहिला.” खिशातून पँटीचा तुकडा आणि सुई काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मी दुसरा तक्ता लावला. त्यात सगळी अक्षरं एकाच मापाची, भलीमोठी असतात, फक्त खाली खाली फिकी होत जातात. पेली आणि रॉबसन यांनी १९८८ मध्ये काढलेला हा तक्ता. काकाजी अर्ध्यातच अडकले. अक्षर तळहाताएवढं असलं तरी पाटीत मिसळायला लागलं की ते त्यांना दिसेना. मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, मोतीबिंदूची सुरुवात निघाली. काच बदलून काही होणार नव्हतं, म्हणून काच विकली नाही. बाजूने पडेल असा एक दिवा लावायला सांगितलं आणि डॉक्टरांनी पुढचं बघितलं. काकाजींची तक्रार मी मनाचा खेळ म्हणून सोडून दिली असती तर?

आता तुमच्या चष्म्याकडे येतो.

प्रोग्रेसिव्ह काचेत वर लांबचा नंबर, खाली वाचायचा, आणि मधल्या अरुंद पट्ट्यात नंबर हळूहळू वाढत जातो. बायफोकलसारखी रेघ नसते, पण त्याची किंमत काचेच्या कडांवर मोजावी लागते. मिंकविट्झ नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिलं की खाली नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने मधल्या पट्ट्यापासून बाजूला जाताना नको असलेला सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे एका दिशेत दिसणं पुसट करणारा दोष, वाढतो. म्हणजे वाचायचा नंबर जितका जास्त, तितक्या कडा धूसर. अठरा हजार द्या नाहीतर चाळीस हजार, हा धूसरपणा जात नाही. भारी काचेत तो जरा सौम्य करून जिथे कमी खटकेल तिथे पसरवलेला असतो. हे विकतानाच सांगायला हवं. यजमानांना कोणी सांगितलं नसेल, तर तिथे आमच्या धंद्याचं चुकलं, हे मी मान्य करतो.

पण दोन महिने ड्रॉवरमध्ये गेलेला चष्मा बहुतेक वेळा कडांमुळे जात नाही, मापामुळे जातो. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, बँकेत काम करणाऱ्या एका गृहस्थांना मी असाच चष्मा करून दिला. ते दोनदा परत आले, आणि मीही दोन्ही वेळा ‘सवय होईल’ म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांच्या सौभाग्यवती सोबत आल्या. म्हणाल्या, “हे पेपर वाचताना कोंबडी पाणी पिते तशी मान वर करतात.” तेव्हा कुठे मी नीट बघितलं. फ्रेम आधी चेहऱ्यावर बसवून मग माप घ्यायचं, ते मी आधीच घेतलं होतं. आपल्याकडचा मे, घामाने फ्रेम नाकावरून तीन-चार मिलिमीटर खाली घसरायची. तेवढ्यानेच वाचायचा भाग बुबुळाच्या फार खाली गेला होता. नाकावरचे पॅड जवळ घेतले, दांड्यांचं कानामागचं वळण गरम करून घट्ट केलं. पाच मिनिटांचं काम, नवी काच नाही. त्या दिवसापासून मोजून बघितल्याशिवाय ते दोन शब्द मी उच्चारत नाही.

यजमानांच्या काचेचंही असं मोजता येतं. काच उजेडासमोर तिरकी धरली की दोन फार बारीक कोरलेल्या खुणा दिसतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली वाचायचा वाढीव नंबर कोरलेला असतो. त्या खुणांवरून मार्करने काचेवर मूळ आखणी परत काढता येते, आणि चष्मा घालून समोर बघितल्यावर आखणीतला क्रॉस बुबुळावर येतो की नाही ते लगेच कळतं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर त्याचा अ‍ॅक्सिस, म्हणजे तो काचेत कोणत्या कोनात बसवलाय, तेही तपासायला हवं. तो कोन १० अंश फिरला, तरी त्या नंबरच्या साधारण एक तृतीयांशाइतका दोष नव्याने उभा राहतो.

आणि महालातले जुने वाडे, त्यांचे उभे जिने! जिना उतरताना नजर काचेच्या खालच्या भागातून जाते आणि तो भाग हातभर अंतरासाठी असतो. पायरी त्याहून कितीतरी लांब, म्हणून पुसट. त्यांना उतरताना भीती वाटत असेल तर ती खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, असे चष्मे वापरणाऱ्या ज्येष्ठांना बाहेर वावरण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा दिला, तेव्हा नियमित बाहेर फिरणाऱ्यांचं पडणं कमी झालं. बहुतेक घरातच असणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. म्हणून यजमानांनी जुने दोन चष्मे परत काढले, यात मला हट्ट दिसत नाही. कुणाला दोन चष्मेच सोयीचे, आणि तसं सांगणं हे माझं काम आहे.

महागड्या काचांचं म्हणाल तर एआरसी, म्हणजे काचेवरची चमक घालवणारं कोटिंग, त्याचे पैसे माझ्या स्वतःच्या चष्म्यासाठीही मी देईन. साध्या प्लास्टिक काचेवरून साधारण ८ टक्के उजेड परावर्तित होतो, कोटिंगमुळे तो जवळपास नाहीसा होतो, आणि रात्री वर्धा रोडवर समोरून दिवे आले की फरक कळतो. फक्त उन्हाळ्यात चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, कोटिंगला बारीक तडे जातात. निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्लू कट’ काचांसाठी मात्र जादा पैसे देऊ नका. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात सतरा चाचण्या तपासल्या गेल्या, आणि त्यानुसार स्क्रीनने येणारा डोळ्यांचा ताण त्या काचांनी कमी होत नसावा.

तेव्हा ताई, बऱ्याच काच कंपन्या न जमलेली प्रोग्रेसिव्ह काच ठरावीक मुदतीत बदलून देतात. दोन महिने झालेत, म्हणून आधी दुकानात जाऊन मुदत विचारा, बिल सोबत न्या. तिथे नाही जमलं तर माझ्याकडे या, तपासायचे पैसे नाहीत. नवा चष्मा, जुने दोन्ही चष्मे आणि नंबरचा कागद आणा. आणि यजमानांना म्हणावं, रोजचा पेपरही सोबत आणा. घरी बसतात तसंच बसून त्यांनी तो उघडावा, मला तो ते कुठे धरतात ते बघायचंय.