"आईनंच बघावं, निसर्गानं तसंच ठरवलंय"

परवा सोलापुरात आमच्या पूर्व भागातच एका बारशाला गेले होते. बाळंतीण पुढच्या महिन्यात कामावर जाणार हे कळल्यावर एक काकू म्हणाल्या, "पोराला आईनंच बघावं गं. निसर्गानं तसंच ठरवलंय." ती मान खाली घालून बसली. मला तेव्हापासून चैन नाही, कारण निसर्गानं तसं ठरवलेलंच नाही.

चिंपांझीची आई पिल्लू खरंच एकटीनं वाढवते. सुरुवातीचे काही महिने ते सहसा कुणाच्या हाती देत नाही, आणि पुढचं पिल्लू व्हायला साधारण 5-6 वर्षं जातात. आपल्यात पहिलं मूल स्वतःचं पोट भरायच्या लायकीचं होण्याच्या कितीतरी आधी दुसरं जन्मतं. एकट्या बाईच्यानं हे निभणारच नव्हतं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास केला. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारी ही माणसं. तिथल्या म्हाताऱ्या काठीनं कडक जमीन उकरून कंद काढतात. घरात नवं बाळ आलं, की थोरल्या नातवंडाच्या अंगाला मांस लागतं ते आजीच्या कष्टानं.

सारा हर्डी या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञ तर म्हणतात, माणसाचं मनच या अनेक हातांनी घडवलं. कोण उचलून घेईल, कोण भरवेल, हे चेहऱ्यावरून ओळखून माणसाला लळा लावणारी बाळं तगली. मला हे मनापासून पटतं, कारण रोज डोळ्यांसमोर बघते.

शेजारची मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळलं, दोरा बांधला, की पुढचं पान. आठ महिन्यांची पोर रांगत येऊन सुपात हात घालणार, तोच नायनम्मा, म्हणजे तिच्या बापाची आई, तिला उचलते. ती नसली तर समोरच्या घरातली. पोर आधी तोंडाकडे टक लावून बघते, भुवया आक्रसते, आणि मग अशी खुदकन हसते की खाली ठेववत नाही.

पण नायनम्माच्याही मांडीवर सूप असतंच. तिचेही हात मोकळे नाहीत. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. घरात बसून विड्या वळणारीच्या दारात ते कसं येणार? तंबाखूच्या धुळीत रांगणारी ही लेकरं बघून जीव तुटतो. आमच्या प्रत्येक गल्लीत एक पाळणाघर हवं, चालत दोन मिनिटांवर. तिथं आमच्यातल्याच दोघी-तिघी पगारावर असाव्यात, पोरांना नावानं ओळखणाऱ्या.